आपल्या जनावराचं जलरंगातलं चित्र काढून घ्यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात राहते आणि पाळलेल्या जनावरांची चित्रं जलरंगात काढते. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री, मांजरं, क्वचित एखादा कोंबडाही. बैलाचं चित्र बाजारात कुठंही मिळतं. तुमच्या बैलाचं मिळत नाही, आणि ते काढायचं तर तुमची साथ लागते. फोनवर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एका ठिकाणी दिली आहेत. चित्र सांगण्याआधी निदान फोटोचे आणि बदलांचे प्रश्न वाचून घ्या.

आमच्याकडे कुत्रं-मांजर नाही, बैलजोडी आहे. तिचं काढाल का?

हो, आणि आनंदानं. पाळीव प्राण्याचं चित्र म्हटलं की शहरातल्या सोफ्यावरचं झुबकेदार कुत्रंच डोळ्यासमोर येतं. पण बारा-चौदा वर्षं एका घरचं वावर ओढलेला बैल त्या घरचाच असतो. त्याचं चित्र बैठकीत लागलं तर त्यात नवल ते काय?

शिवाय आपल्या भागातली जनावरं चित्रकाराला भरपूर देतात. आमच्याकडचा गवळाऊ बैल लांबून नुसता पांढरा दिसतो. जवळ गेलं की मानेवर, वशिंडावर आणि मागच्या भागावर राखाडी झाक दिसते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. नागपुरी म्हशीची शिंगं लांब, चपटी, तलवारीसारखी मागं गेलेली असतात, कधी पार खांद्यापर्यंत. अकोला-बुलढाण्याकडची पूर्णाथडी म्हैस भुरी, फिकट तपकिरी. तिला काळी रंगवली तर मालक चित्राकडं बघणारसुद्धा नाही. बेरारी शेळीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी शिंगापासून नाकाकडं काळसर पट्टा येतो. गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी गाय अंगानं लहान, पण तिचा चेहरा बोलका.

गावठी कुत्र्याचंही काढते. त्यासाठी वेगळं विचारायची गरज नाही.

फोटो कसा काढायचा?

चित्र चांगलं होण्यातला निम्मा वाटा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फोटो जनावराच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्या. मांजर किंवा शेळीचं पिल्लू असेल तर खाली बसा, गरज पडली तर आडवे व्हा. उभ्यानं वरून घेतलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. बैलाच्या बाबतीत लोक नेमकं उलटं करतात. अगदी जवळ जाऊन तोंडासमोर मोबाईल धरतात, आणि मग नाक ढोलासारखं नि कान बारीक दिसतात. आठ-दहा फूट लांब उभे राहा आणि तिथून थोडा झूम करा. चेहऱ्याचं माप बरोबर येतं.

उजेड सकाळचा चांगला, नऊ वाजेपर्यंतचा. दुपारचं ऊन पांढऱ्या अंगावर पडलं की मोबाईलला नुसता पांढरा डाग दिसतो, त्यातली राखाडी झाक, बरगड्यांची ओळ, गळ्याखालच्या पोळीच्या घड्या सगळं उडून जातं. कोठ्याच्या आत अंधार असतो, म्हणून जनावर दाराशी आणा किंवा निंबाच्या सावलीत बांधा. फ्लॅश वापरू नका. बैल, शेळी, कुत्रं, मांजर यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा एक पडदा असतो. त्यामुळंच रात्री बॅटरी मारली की त्यांचे डोळे चमकतात. फ्लॅशच्या फोटोत डोळ्याजागी हिरवा-पिवळा गोळा येतो, आणि मला तर सगळ्यात आधी डोळाच हवा असतो. बैलाची बाहुली आडवी लांबट, शेळीची जवळजवळ आडव्या पट्टीसारखी, मांजराची उन्हात उभी चीर होते, कुत्र्याची गोल. ती स्पष्ट दिसली की मला अंदाज करावा लागत नाही.

एक समोरून, डाव्या-उजव्या बाजूनं एकेक, आणि एक पूर्ण उभं शरीर दाखवणारा, एवढे फोटो असले की काम भागतं. शिवाय तुम्हाला आवडतो तो एक फोटो पाठवा, मग तो कसाही निघालेला असो. बहुतेक वेळा जनावराचा स्वभाव त्या ‘बिघडलेल्या’ फोटोतच सापडतो.

व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालतील?

चालतील, पण ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि केसांची दिशा, पापण्या, शिंगावरची वळी सगळं पुसट होतं. वावरात रेंज नसेल तर घाई नको. तालुक्याला गेलात की तिथून पाठवा.

फोटोंबरोबर अजून काय सांगायचं?

जे फोटोत येत नाही ते.

मी फोन करून बराच वेळ बोलते. काहींना वाटतं, या ताईला चित्र काढायचं सोडून एवढ्या चौकश्या कशाला? पण आलेला फोटो एका क्षणाचा असतो, आणि तुम्ही त्या जनावराला रोज बघता. तुमचा बैल आधी कोणता कान वळवतो? तुम्हाला बघून मान वर करतो की खाली घालतो? वशिंड एका बाजूला कललं आहे का? जुवाचा घट्टा कुठं पडला आहे? शेपटीचा गोंडा पूर्ण काळा की मध्ये पांढरे केस? एका मावशीनं गाईबद्दल सांगितलं होतं, “ते पाह्यते ना, तं एका डोयानंच पाह्यते बाप्पा, दुसरा अर्धा मिटूनच ठेवते.” फोटोत दोन्ही डोळे उघडे होते. चित्रात मी एक अर्धा मिटलेला ठेवला, आणि घरच्या लहान मुलानं दारातूनच गाईचं नाव घेतलं.

नाव जरूर सांगा. नावातच पुष्कळदा वर्णन असतं. चांद्याच्या कपाळावर चांद असणार, बांड्याची शेपटी आखूड असणार, हरण्याचा रंग हरणाचा. मोत्या म्हटलं तर मात्र कळत नाही, तो बैलही असू शकतो आणि कुत्राही.

घरात त्या जनावराला सगळ्यात जास्त कोण ओळखतं, त्या माणसाशी माझं बोलणं करून द्या. ऑर्डर बहुतेकदा पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा देतो, पण वैरण टाकणारी त्याची आई असते किंवा सालगडी असतो. मुलाला बैलाचा रंग आठवतो. सालगड्याला त्याचं पाणी पिणं, बसताना आधी कोणता पाय मोडतो, पावसात कुठं तोंड करून उभा राहतो, सगळं ठाऊक असतं.

जनावर आता नाही. एकच जुना फोटो आहे, तोही अंधूक. काही होईल का?

बहुतेक वेळा होतं.

अशी विचारणा बरीच येते. २०२२ साली लंपी आली तेव्हा विदर्भातल्या किती कोठ्यांतलं एखादं दावं रिकामं झालं ते आपण पाहिलं आहे. त्या जनावरांचे बरेचसे फोटो आजारातले आहेत, अंगभर गाठी आलेल्या, डोळे खोल गेलेले. तुम्ही सांगितल्याशिवाय मी त्या गाठी कधीच काढत नाही. आजाराच्या आधी ते कसं होतं ते विचारते आणि तसंच काढते.

जंगलालगतच्या गावांतून, चंद्रपूर-ताडोब्याच्या बाजूनं, कधी कधी वाघानं मारलेल्या गाईचा फोटो येतो. पंचनाम्यासाठी काढलेला तेवढा एकच फोटो घरात असतो. तो पाठवताना लोक फार संकोचतात. संकोच करू नका. त्या फोटोवरून मी चेहरा घेत नाही, फक्त अंगावरचे ठिपके आणि पांढऱ्या-तांबड्या भागांची हद्द घेते. कबऱ्या गाईच्या अंगावरचा हा नकाशा तिच्या एकटीचाच असतो आणि तो चुकला तर सगळंच चुकतं. उभी राहण्याची ढब, मान, डोळे यासाठी तिची मायबहीण किंवा कालवड घरात असेल तर तिचे फोटो मागते. रक्ताच्या नात्यात कपाळाचा बाक आणि शिंगांचं वळण पुष्कळदा जुळतं.

एकही फोटो नसेल तर मी नाही म्हणते. निव्वळ वर्णनावरून काढलेलं चित्र सुंदर होईल, पण ते तुमचं जनावर नसेल, आणि दुःखात असलेल्या माणसाला तसलं काही देणं मला पटत नाही. मात्र ‘फोटो नाही’ असं ठरवण्याआधी घरात नीट शोधा. लग्नाच्या अल्बममध्ये वरातीच्या मागं, पोळ्याच्या मिरवणुकीच्या व्हिडिओत, शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये, पतपेढीच्या किंवा विम्याच्या कागदांत जनावर सापडतं.

विकलेल्या बैलाचं चित्रही काढते. तो का विकला हे मी विचारत नाही.

जोडीचं चित्र एकत्र हवं आहे. दोघांचे फोटो वेगवेगळे आहेत.

अडचण नाही, फक्त दोन्ही फोटो एकाच वेळेच्या उजेडातले असावेत. एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा असेल तर एकाची सावली डावीकडं आणि दुसऱ्याची उजवीकडं पडते, आणि दोघं एका जागी उभे आहेत असं वाटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुवाला कोण कोणत्या बाजूला चालतो ते लिहून कळवा. बैल आपली बाजू सोडत नाही आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांनाही ती जागा पक्की झालेली असते. चित्रात दोघांची अदलाबदल झाली तर शहरातल्या पाहुण्याला काही कळणार नाही, पण घरधन्याला पहिल्या नजरेत खुपेल. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कधी कधी उलटा साठवला जातो, तेव्हा तेही बघा.

दोघांपैकी एक गेला आहे आणि तरीही जोडीनं काढायचं आहे, असं सांगणारे पुष्कळ असतात. काढते.

पोळ्याच्या साजात काढू की साधं?

तुमची मर्जी, पण माझं मत विचाराल तर चेहऱ्याचं चित्र साधं असावं आणि पूर्ण अंगाचं साजात.

साज म्हणजे झूल, मठाठी, बाशिंग, घुंगरमाळा, शिंगांना बेगड आणि गोंडे. चेहऱ्याच्या चित्रात हे सगळं घातलं की कपाळ झाकतं, शिंगं झाकतात, आणि उरतो तो कोणाचाही बैल. पूर्ण उभ्या चित्रात मात्र साज खुलतो. जलरंगात झुलीची लाल-पिवळी नक्षी ओल्या कागदावर ओल्या रंगानं सोडली की कापड खरंच हलतंय असं वाटतं.

साज काढायचा असेल तर तुमच्याच झुलीचा फोटो पाठवा. आजीनं शिवलेली, आरसे लावलेली झूल घरोघरी वेगळी असते. मी मनानं नक्षी बनवत नाही.

मला स्वतःला मात्र मोह होतो तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा. बैलांना न्हाऊ घातलेलं असतं, खांदे शेकलेले असतात, तूप-हळदीनं मान पिवळी झालेली असते आणि घरचा माणूस बैलाच्या कानाशी वाकून सांगतो, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” त्या वेळी अंगावर साज नसतो, पण बैल वर्षातल्या सगळ्यात सुंदर दिवसाला आलेला असतो. जमलं तर तेव्हाचा फोटो घेऊन ठेवा.

कानातला पिवळा बिल्ला काढायचा का? आणि मोडलेलं शिंग?

बिल्ल्याबद्दल प्रत्येकाला विचारते. बारा आकडी नंबराचा तो बिल्ला काहींना चित्रात नकोच असतो. काहींना वाटतं, रोज बघतो तर असू द्या. असला तर मी पिवळा ठिपका ठेवते, आकडे लिहीत नाही. वेसण आणि दावं तसंच. वेसण बहुतेक लोक ठेवतात, दावं बहुतेक लोक काढून टाकायला सांगतात.

मोडलेलं शिंग, फाटका कान, जुवाचा घट्टा, डागल्याची खूण हे मात्र मी आपणहून ठेवते, आणि कोणी ‘नीट करून द्या’ म्हणालं तर आधी बोलून बघते. शिंग का मोडलं याची गोष्ट घरात सांगितली जाते. ते नीट केलं तर ती गोष्ट चित्रातून जाते. तरीही तुमचा आग्रह असेल तर तुमचं ऐकते, कारण चित्र तुमच्या भिंतीवर लागणार आहे.

चित्र झाल्यावर बदल करता येतो का?

थोडाच. हे आधी नीट समजून घ्या, म्हणजे नंतर कोणाचंच मन दुखणार नाही.

तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर चढवता येतो. जलरंग पारदर्शक असतो. त्यात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. बैलाच्या पाठीवर पडलेलं ऊन मी रंगवत नाही, तेवढा कागद मोकळा सोडते. एकदा त्यावर रंग गेला की तो कागद तितकाच शुभ्र परत मिळत नाही. ओल्या ब्रशनं थोडा रंग उचलता येतो, पण निळसर-हिरवे थॅलो रंग तर कागदाच्या तंतूंना धरूनच बसतात.

म्हणून मी आधी पेन्सिलीचं पूर्ण रेखाटन करून तुम्हाला पाठवते. या टप्प्यावर हवं ते सांगा. मान थोडी वर घ्या, कान मागं न्या, शिंग जास्त वळलं, डोळा लहान झाला, काहीही. रेखाटन पाच वेळा बदलावं लागलं तरी चालेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरातल्या सगळ्यांना दाखवा, विशेषतः त्या वैरण टाकणाऱ्या माणसाला. एका काकांनी रेखाटन बघून एवढंच कळवलं, “ताई, सगयं बरोबर हाय, पन हा आपला हिरा नाही वाटत.” मग फोनवर बोलता बोलता कळलं, की हिऱ्याची मान कायम जराशी डावीकडं वळलेली असायची. मान वळवली आणि काकांचा होकार आला.

तुमचा होकार आल्यावरच रंग लागतो. त्यानंतर पार्श्वभूमी गडद करणं, एखादी सावली वाढवणं, गोंड्याचा रंग खुलवणं, नाव लिहिणं एवढं होऊ शकतं. ढब आणि चेहरा बदलत नाही.

पांढरा बैल पांढऱ्या कागदावर दिसेल का? आणि काळी म्हैस नुसता काळा गोळा होणार नाही?

पांढरा बैल त्याच्या सावल्यांतून दिसतो. पोटाखाली मातीचा तांबूस उजेड परतून येतो, पाठीच्या सावलीत आभाळाचा निळा असतो, कानाच्या आत गुलाबी. हे तीन रंग जागेवर बसले की मधला कोरा कागदच बैल होतो. मागं निंबाची हिरवी सावली किंवा कोठ्याचा अंधार ठेवला की कडा उठून येतात.

काळा रंग मी नळीतला घेत नाही, तो मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस मातकट रंग मिसळला की जिवंत काळा तयार होतो, आणि तो कुठं निळ्याकडं तर कुठं तांबड्याकडं झुकवता येतो. अल्ट्रामरीनचे कण जड असतात. ते खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि म्हशीच्या कातडीचा पोत आपसूक येतो. डबक्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या म्हशीइतकं जलरंगाला शोभणारं दुसरं जनावर नाही, असं माझं मत आहे.

किती दिवस लागतील?

रेखाटन पक्कं झाल्यापासून साधारण तीन ते चार आठवडे. पण आपल्याकडं ऋतू बघूनच रंग लावावा लागतो.

मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा कागदावरचं पाणी ब्रश फिरवेपर्यंत उडून जातं. रंग एकमेकांत विरघळत नाहीत आणि नको तिथं कडक कडा राहतात. म्हणून त्या दिवसांत मी फक्त पहाटे काम करते. पावसाळ्यात उलटं होतं. एक थर वाळायला अर्धा दिवस जातो, आणि दमट कागद गुंडाळून ठेवला तर बुरशीचे ठिपके येतात. हिवाळा सगळ्यात सोयीचा. घाई नसेल तर दिवाळीनंतरचं सांगा.

पोळ्याला भेट द्यायची असेल तर आषाढी एकादशीच्या आधी कळवा. श्रावण लागल्यावर आलेली कामं मी पोळ्यापर्यंत घेत नाही.

आकार कोणते आणि पैसे किती?

जलरंगाच्या कागदाची पूर्ण शीट २२ × ३० इंचांची असते. तिची पाव शीट म्हणजे ११ × १५ इंच आणि अर्धी शीट म्हणजे १५ × २२ इंच. एका जनावराच्या चेहऱ्याला पाव शीट पुरते, त्याचे २,५०० रुपये. पूर्ण उभं जनावर अर्ध्या शीटवर काढते, त्याचे ४,५०० रुपये. जोडी अर्ध्या शीटवरच, ६,००० रुपये. यात फ्रेम नाही.

निम्मे पैसे रेखाटन पक्कं झाल्यावर, निम्मे चित्राचा फोटो बघून. यूपीआय चालतं, रोखही चालतं. कापूस किंवा तूर विकल्यावर उरलेले देतो असं कोणी शेतकरी म्हणाला तर तेही चालतं, फक्त आधी सांगा. यापेक्षा स्वस्त करायचं तर कागद हलका घ्यावा लागेल, आणि ते मी करणार नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

जलरंग फिके पडतात म्हणे. टिकतात का?

चांगला कागद, चांगले रंग आणि योग्य जागा, या तिन्ही गोष्टी असल्या तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. सावळाराम हळदणकरांनी १९४० च्या दशकात काढलेलं, हातातल्या दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या तरुणीचं चित्र जलरंगातलंच आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक आजही ते बघायला थांबतात.

कागद मी शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, वापरते. कापूस पिकवणाऱ्या भागात राहून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरणं मनाला रुचतही नाही, पण खरं कारण वेगळं आहे. लगद्याच्या हलक्या कागदात आम्ल राहतं, त्यामुळं तो काही वर्षांत जुन्या वर्तमानपत्रागत पिवळा आणि ठिसूळ होतो.

रंगांत गेरूच्या कुळातले मातीचे रंग, म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि त्यांचे भाऊबंद, सगळ्यात भरवशाचे. ते लोहाच्या ऑक्साईडचे असतात आणि उजेडानं उडत नाहीत. आपल्या जनावरांचे रंगही बहुतेक याच कुळातले, हे आपलं भाग्य. लालात ॲलिझरीन क्रिम्सन हा जुना रंग उजेडानं फिका होतो, त्याऐवजी मी क्विनॅक्रिडोनचे लाल-गुलाबी रंग घेते. चमकणारे फ्लुओरेसंट रंग लवकर उडतात, म्हणून पोळ्याच्या गोंड्याचा तो झगमगता गुलाबी कागदावर जरा शांत दिसेल.

फ्रेम कशी करावी? कुठं लावावी?

काच लावाच, पण काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये आम्लरहित जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घालायला सांगा. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो आणि कागद टेकलेला असेल तर तो काचेलाच चिकटतो. चित्र फेविकॉलनं किंवा चिकटपट्टीनं पाठीला चिकटवू देऊ नका. तालुक्याच्या फ्रेमवाल्याला हे आधी सांगितलं तर तो करतो. न सांगता दिलं तर हमखास चिकटवतो, कारण देवाच्या फोटोंना तसंच करायची त्याच्या हाताला सवय असते.

मातीच्या भिंतीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. तशीच भिंत असेल तर फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांत लाकडाचे छोटे तुकडे लावून हवा खेळायला जागा ठेवा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मागं उधई लागली का ते बघा. कसरसुद्धा कागद खाते. देवघराच्या बाजूला लावायची हौस असते, पण अगरबत्तीचा धूर आणि दिव्याची काजळी फ्रेमच्या फटीतून आत जाते. दारासमोर, जिथं थेट ऊन येतं, तिथंही नको.

मोबाईलमधल्या ॲपनं फोटोचं जलरंगासारखं चित्र फुकटात होतं. मग तुमच्याकडून का घ्यावं?

ॲपला फोटोत जे आहे तेवढंच मिळतं. फोटोत एक कान अंधारात गेला असेल तर ॲप अंधारालाच रंगाचे फराटे देतं. तो कान फाटका होता की आख्खा, हे त्याला ठाऊक नसतं, आणि तुम्हाला विचारायचंही त्याला सुचत नाही. मी विचारते. पैसे कमी असतील तर ॲपचं चित्र छापून लावायला माझी काही हरकत नाही, आठवण म्हणून तेही चांगलंच. पण हिऱ्याची वळलेली मान त्यात येणार नाही.

ब्रश कोणत्या केसांचा वापरता?

कृत्रिम तंतूंचा. मुंगसाच्या केसांचे ब्रश काही ठिकाणी लपूनछपून विकले जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणं बेकायदा आहे. एका ब्रशासाठी मुंगसं मारायची आणि त्याच ब्रशानं दुसऱ्या जनावराचं चित्र प्रेमानं काढायचं, हे माझ्या हातून होणार नाही. तुम्हीही मुलांसाठी ब्रश घेताना दुकानदाराला विचारा.

लांब असल्यास चित्र कसं पोचवता?

आर्वी, कारंजा, आष्टी, वर्धा या भागात शक्यतो स्वतः आणून देते. भिंतीवर लागलेलं बघायला मिळतं. बाकी ठिकाणी प्लॅस्टिकमध्ये बंद करून, दोन जाड पाट्यांच्या मध्ये सपाट ठेवून, स्पीड पोस्टनं पाठवते. पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि चालू असलेला मोबाईल नंबर लिहा. गावात पोस्टमन रोज येत नसेल तर जवळच्या मोठ्या पोस्टाच्या पत्त्यावर मागवणं बरं.

आमच्या जनावराचं चित्र इंटरनेटवर टाकाल का?

विचारल्याशिवाय नाही. गेलेल्या जनावराचं तर तुम्ही आपणहून सांगितलं तरच.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलाचं चित्र काढून द्याल का?

हो. पणजोबांच्या वेळचा, रंग उडालेला, एक चाक निखळलेला नंदी असेल तर फारच आनंदानं. तो जसा आहे तसाच पाठवा, नवा रंग लावू नका.

चित्र सांगायचं तर सुरुवात कुठून करू?

जनावराचं नाव, वय, ते आता तुमच्याकडं आहे की नाही, चेहरा हवा की पूर्ण अंग, आणि चित्र कोणाला द्यायचं आहे, एवढं लिहून फोटोंसह पाठवा. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मी फोन करते, कारण तोवर धारा आटोपलेल्या असतात आणि वैरण टाकून झालेली असते. फोन कोठ्यातूनच उचललात तर फार बरं, विचारलं ते तिथल्या तिथं बघून सांगता येतं.